दोन फायली, एक छाती

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी,
रत्नागिरी.

विषय : 31 मे आणि 26 जून यांच्या मधल्या दिवसांबाबत.



मी निवृत्त मास्तर. 34 वर्षं रत्नागिरी तालुक्यातल्या शाळांत विज्ञान शिकवलं. हे पत्र आपल्या कार्यालयात देऊन आवक क्रमांकाचा शिक्का घेता आला असता. तरी ते उघड लिहितोय, कारण यातलं निम्मं उत्तर एका मुलाला द्यायचं राहिलंय आणि त्याचा पत्ता माझ्यापाशी नाही.

गेल्या थंडीत एका महाविद्यालयात व्यसनमुक्तीवर व्याख्यान होतं. मला शाल-श्रीफळासाठी बोलावलेलं, म्हणून मी व्यासपीठावर. वक्ते तावातावाने सांगत होते, गांजाचा एक झुरका मारला की फुप्फुसं कुजायला लागतात, सिगरेटच्या दहापट वेगाने. मागच्या रांगेतून एक पोरगा उठला, हातात मोबाइल. म्हणाला, "सर, अमेरिकेत वीस वर्षं हजारो लोकांची फुप्फुसं मोजली. सिगरेटवाल्यांची ताकद कमी झाली, गांजावाल्यांची नाही. इथे लिहिलंय." वक्ते म्हणाले, "खाली बस. मोबाइलवर सगळंच असतं." हशा झाला, पोरगा बसला. त्यानंतरची वीस मिनिटं त्या सभागृहात कोणी ऐकत नव्हतं. वर्गाचं लक्ष उडालेलं मास्तराला फळ्याकडे तोंड असतानाही कळतं.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या टपरीशी तो दिसला. सुट्टी सिगरेट घेतली होती. मला बघताच मुठीत लपवली. मग म्हणाला, "सर, मी म्हटलं ते खोटं होतं का?" मी म्हटलं, "वाचून सांगतो." तेव्हापासून वाचतोय.

त्याने वाचलेलं खोटं नव्हतं. ऑकलंड, शिकागो, मिनिॲपोलिस आणि बर्मिंगहॅम या चार अमेरिकी शहरांतल्या 5,115 तरुण स्त्री-पुरुषांची 1985 पासून 20 वर्षं तपासणी झाली. निष्कर्ष जानेवारी 2012 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. तपासणी साधी असते. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जीव खाऊन फुंकायचं. यंत्र दोन आकडे देतं : पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, आणि शेवटपर्यंत एकूण किती. धडधाकट माणूस सगळ्या हवेतली सत्तर टक्क्यांहून जास्त पहिल्याच सेकंदात टाकतो. श्वासनळ्या सुजल्या किंवा लेच्यापेच्या झाल्या की पहिला आकडा घसरतो. लोहाराचा भाता मोठाच आहे, पण तोंडाशी चिंधी अडकली आहे, असा प्रकार.

या अभ्यासात सिगरेटचा हिशोब सरळ रेषेत निघाला. जितक्या जास्त सिगरेटी, जितकी जास्त वर्षं, तितकी घट. गांजाची रेघ मात्र वेगळी होती. रोज एक जॉइंट, म्हणजे गांजाची एक सिगरेट, याप्रमाणे सात वर्षं ओढणाऱ्यांपर्यंत घट दिसली नाही. उलट आकडे किंचित वर गेले. त्यापुढे रेघ खाली वळायला लागली. पण इतका जास्त ओढणारी माणसं अभ्यासात थोडीच होती, म्हणून अभ्यासकांनीही त्याबाबत जपूनच लिहिलंय.

असं का व्हावं, याची कारणं शोधण्याजोगी आहेत. गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याने श्वासनळ्या थोडा वेळ रुंदावतात. 1970 च्या दशकात दम्यावर त्याचा उपयोग होईल का, हेही पाहून झालं होतं. दुसरं, गांजा ओढणारा खोल श्वास घेऊन रोखून धरतो, म्हणजे भाता रोज ताणतो. तिसरं कारण साध्या मोजणीचं. निकोटिन माणसाला दर तासाला टपरीवर ओढून नेतं. वीस सिगरेटी रोज ओढणारे पुष्कळ, वीस जॉइंट रोज ओढणारा शोधावा लागेल.

त्या मुलाला एवढंच दिसलं होतं, दुसरी बाजू नाही. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डॉ. डोनाल्ड टॅशकिन यांनी हाच विषय अनेक वर्षं लावून धरला. त्यांच्या गटाने 1988 मध्ये दाखवलं की तेवढ्याच तंबाखूच्या मानाने गांजाच्या धुराने रक्तातला कार्बन मोनॉक्साइड सुमारे पाचपट वाढतो आणि तिपटीच्या आसपास टार छातीत जातं. फिल्टर नाही, झुरका मोठा, श्वास धरून ठेवलेला. टारला आत बसायला निवांत वेळ मिळतो. रोज ओढणाऱ्यांत खोकला, कफ आणि छातीतली घरघर जास्त आढळली. फुंकणीचा आकडा ठीक असूनही श्वासनळ्यांची आतली कातडी सुजलेली असू शकते. गांजाचा मेंदूवर आणि मनावर होणारा परिणाम हा तर आणखी मोठा विषय. त्यात मी शिरत नाही.

गंमत म्हणजे हा कफ आपल्या सरकारी कागदांत सव्वाशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलाय. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला म्हणून 1893 मध्ये सरकारने गांजा-चरस-भांग यांची चौकशी करायला आयोग नेमला. आयोगाने देशभर फिरून 1,193 साक्षी नोंदवल्या आणि 1894 मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. बेताने घेतल्यास फारशी इजा नाही, असं आयोगाने म्हटलं, आणि ते वाक्य गांजाचे वकील आजही दाखवतात. त्याच अहवालात पुढे असंही आहे की वर्षानुवर्षं अति ओढणाऱ्याच्या फुप्फुसांत काजळी साठते, धुरातल्या इतर पदार्थांनी श्वासनळ्या चुरचुरतात, स्राव वाढतो आणि जुनाट खोकला मागे लागतो. यंत्र नव्हतं, क्ष-किरणांचा शोधही लागायचा होता. माणसं बघून आणि खोकला ऐकून त्यांनी जे टिपलं, त्यापासून टॅशकिन फार लांब गेले नाहीत.

आता आपल्या रत्नागिरीची गोष्ट. इथे नुसता गांजा ओढणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. चिलीम भरणारा गांजासोबत तंबाखू चुरतो. पोरं सिगरेटमधली तंबाखू हातावर पाडतात, तीत माल मिसळतात आणि परत तीच नळी भरतात. नाहीतर रोलिंग पेपर घेतात, पण आत तंबाखू असतेच. त्याशिवाय नीट जळत नाही म्हणतात. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी दोन धूर हिशोबाने वेगळे काढले. आपल्याकडे ते एकाच कागदात गुंडाळलेले आहेत.

एकत्र ओढल्याचे निष्कर्ष सुखावह नाहीत. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये चाळिशीपुढच्या 878 जणांची तपासणी झाली, ती 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या गांजावाल्यांत श्वासमार्गाच्या जुनाट आजाराचा धोका ठामपणे वाढलेला दिसला नाही. दोन्ही ओढणाऱ्यांत मात्र तो नुसती सिगरेट ओढणाऱ्यांपेक्षाही वर गेला. एकाने दुसऱ्याचं काम सोपं केलं. पुढे 2022 मध्ये ओटावातल्या डॉक्टरांनी 56 गांजा ओढणाऱ्यांच्या छातीचे सीटी स्कॅन पाहिले. त्यांतल्या 75 टक्क्यांत वायुकोशांच्या भिंती फाटून पोकळ्या झालेल्या होत्या. नुसती तंबाखू ओढणाऱ्यांत हे प्रमाण 67 टक्के होतं आणि न ओढणाऱ्यांत 5. अभ्यास लहान आहे, आणि त्या 56 जणांतले बरेच तंबाखूही ओढत होते, म्हणून सगळा दोष गांजावर टाकता येत नाही. पण फाटलेला वायुकोश पुन्हा शिवता येत नाही, हे त्यातल्या कुणालाही लागू आहे.

मला याचं दृश्य रूप रोज दिसतं. माझा एक वर्गमित्र मिऱ्यावरचा. रापण ओढायला उभा राहिला की दोन माणसांचं बळ. विडी चौदाव्या वर्षापासून, पुढे संध्याकाळी चिलीमही. आज तो घरातून रस्त्यापर्यंत येताना दोनदा टेकतो. ओठांचा चंबू करून श्वास सोडतो, जणू गरम चहावर फुंकर घालतोय. कुणी शिकवलं नव्हतं. तसं केल्याने श्वासनळ्या लगेच मिटत नाहीत, हे त्याच्या शरीरानेच शोधून काढलं. सणाला सगळे जेवायला बसले की तो अर्ध्यातच थांबतो, कारण पोट भरलं की दम कोंडतो. विडीने किती खाल्लं आणि चिलमीने किती, हे कोण कसं सांगणार?

आणि माझं स्वतःचं. कोल्हापूरला वसतिगृहात 1978 मध्ये सिगरेट धरली आणि 2009 पर्यंत ओढली. विज्ञान शिकवत असताना ओढली, मधल्या सुट्टीत शाळेमागे जाऊन ओढली. विद्यार्थ्यांना माहीत होतं. चिलीमही चार-दोनदा ओढून पाहिलीय. साधुपणाचा आव आणत नाही. 2009 मध्ये विद्यार्थ्यांची सहल घेऊन रत्नदुर्गावर चढताना भगवतीच्या देवळाआधीच बसलो आणि पोरं थांबून माझ्याकडे बघत राहिली. तपासणीला गेलो. पहिल्या सेकंदाला सव्वातीन लिटरच्या आसपास हवा यायला हवी होती, आली 2.6. मला वाटलं, अर्धा-पाऊण लिटर म्हणजे काय मोठंसं. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, लिटर सोडा. तुमचं वय 51, तुमच्या फुप्फुसांचं 68." त्या रात्री उरलेलं पाकीट मी भाट्याच्या पुलावरून टाकलं. खाडीत कचरा टाकला, हा वेगळा गुन्हा कबूल.

त्यानंतरचं गणित आम्ही शाळेत शिकवतो त्या आगगाड्यांच्या गणितासारखं आहे. न ओढणाऱ्याचा पहिल्या सेकंदाचा आकडाही तिशीनंतर वर्षाला 25 ते 30 मिलिलिटर घसरतोच. अमेरिका-कॅनडातल्या जवळजवळ सहा हजार सिगरेटवाल्यांना 11 वर्षं पाहिलं तेव्हा ओढत राहिलेल्या पुरुषांची घसरण वर्षाला 66 मिलिलिटर निघाली. सुरुवातीलाच सोडून दिलेल्यांची 30. गेलेलं परत येत नाही, पण गाडीचा वेग निम्म्यावर येतो. यंदा मला 68 पूर्ण झाली. 2009 चा आकडा मी गाठला, पण फुप्फुसं काही तिथे माझी वाट बघत थांबली नव्हती, तीही पुढे गेली. तरी सतरा वर्षांत आमच्यातलं अंतर वाढलेलं नाही. रत्नदुर्ग अजून चढतो, सावकाश.

मला त्या आकड्याने सोडायला लावलं, आणि असं माझ्या एकट्याच्या बाबतीत घडलेलं नाही. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात 561 सिगरेट ओढणाऱ्यांवर हेच करून पाहिलं. अर्ध्यांना फुंकणीचे आकडे लिटरमध्ये दिले, अर्ध्यांना फुप्फुसांचं वय सांगितलं. वर्षाने पहिल्या गटात 6.4 टक्के लोकांनी सोडलेली होती, दुसऱ्या गटात 13.6. निष्कर्ष 2008 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. सल्ला तोच. फरक एका वाक्याचा.

आता मुद्द्यावर येतो, महोदय. तंबाखू नियंत्रणाची जिल्हा समिती आपल्या अध्यक्षतेखाली असते. अंमली पदार्थांबाबतच्या समन्वयाची जिल्हा समितीही आपल्याच अध्यक्षतेखाली. पहिलीत आरोग्य खातं पुढे, दुसरीत पोलीस. 31 मेला तंबाखूविरोधी दिनाची फेरी निघते, 26 जूनला अंमली पदार्थविरोधी दिनाची. फलक वेगळे, घोषणा वेगळ्या, फायली वेगळ्या. त्या मुलाच्या बोटांत मात्र एकच नळी होती.

फायली वेगळ्या राहिल्याने दोन्हीकडून माणूस निसटतो. ऑगस्ट 2023 मध्ये दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटं वाहून आली. कस्टम्सने काही दिवसांत अडीचशे किलोंच्या वर माल गोळा केला. वर्तमानपत्रं भरून गेली. त्याच किनाऱ्यावर रोज किती विड्या जळतात, याची बातमी होत नाही, व्हायचीही नाही. दुसऱ्या बाजूला, 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेताना आढळले. त्यांत ओढणारे अवघे 3.8 टक्के. बाकी सगळी मळलेली, गुटख्यातली, मिश्रीतली. साहजिकच आपली तंबाखूविरोधी मोहीम तोंड उघडून बघते, गालातला चट्टा शोधते. ते हवंच. पण छातीला नळी लावायचं राहून जातं. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आमच्या आया-बहिणींची फुप्फुसं तर विडीला हात न लावता धुरकटलेली आहेत; तपासणी निघाली तर त्यांचंही भलं होईल.

माझी विनंती चार गोष्टींची आहे.

पहिली, 31 मे ते 26 जून हे दिवस जोडून एकच मोहीम व्हावी आणि तीत दोन्ही समित्या एकत्र बसाव्यात. याच दिवसांत 1 जूनपासून मासेमारी बंद असते. मिरकरवाड्याला, हर्णैला, जयगडला होड्या शाकारलेल्या, खलाशी आणि तांडेल किनाऱ्यावर. वर्षाचे बाकीचे दहा महिने ही माणसं सकाळच्या ओपीडीला सापडत नाहीत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2023 पासून रत्नागिरीत आहे. तिथली मुलं फुंकणीचं यंत्र घेऊन बंदरावर येऊन बसली, तर एका टेबलाची जागा पुरते.

दुसरी, तपासलेल्या प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्यावी. तीवर दोनच गोष्टी असाव्यात, तुमचं वय आणि तुमच्या फुप्फुसांचं वय. लिटर आणि टक्के डॉक्टरांच्या कागदावर राहोत.

तिसरी, टपऱ्यांची. सुट्टी सिगरेट आणि सुट्टी विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे. शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांत तंबाखू विकायला तर 2003 चा केंद्राचा कायदाच मनाई करतो. टपरीवाल्याला आयुष्यातून उठवा असं मी म्हणत नाही. त्याचंही पोट आहे. पण जॉइंटची सुरुवात तिथल्या एका सुट्ट्या सिगरेटपासून होते, आणि पोराच्या खिशात अख्ख्या पाकिटाचे पैसे क्वचितच असतात.

चौथी विनंती सगळ्यांत महत्त्वाची. ज्याला गांजा सोडायचाय तो दवाखान्यात येत नाही, कारण त्याला वाटतं डॉक्टर पोलिसांना कळवतील. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यातच कलम 64-अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. हे रत्नागिरीतल्या किती आई-बापांना माहीत असेल? जिल्हा रुग्णालयाच्या दारात, एसटी स्टँडवर आणि कॉलेजांच्या फलकांवर हे सोप्या मराठीत लिहावं. खाली तंबाखू सोडण्यासाठी मदतीचा 1800-11-2356 आणि अंमली पदार्थांसाठीचा 14446 हे क्रमांक असावेत. एकाच फलकावर दोन्ही, कारण फोन करणारा बहुधा एकच असेल.

आणि व्याख्यानांसाठी वक्ते पाठवाल तेव्हा त्यांना एवढं सांगा, की मुलांसमोर वाढवून बोलू नका. गांजा फुप्फुसं कुजवतो म्हणून सांगितलं आणि मुलाने दोन मिनिटांत मोबाइलवर उलटं दाखवलं, की सिगरेटबद्दल सांगितलेलं खरंही तो खोट्यात जमा करतो. आहे ते सत्य पुरेसं भीतीदायक आहे.

त्या मुलाला माझं उत्तर असं. बाळा, तू वाचलेलं खरं होतं. ज्या लोकांबद्दल ते होतं, त्यांच्यात आणि तुझ्यात एक फरक आहे. तुझ्या कागदात तंबाखूही आहे, आणि तंबाखूच्या बाबतीत अमेरिका, कॅनडा, रत्नागिरी सगळीकडे एकच उत्तर येतं. त्या दिवशी मुठीत लपवलीस ती माझ्या लाजेने. आम्हीही असेच लपवत होतो. मुठीत चटका बसायचा, छातीतला कळायचा नाही. तू विशीत आहेस. आत्ता थांबलास तर तुझी गाडी जवळजवळ स्टेशनातूनच निघेल.

महोदय, बंदरावर शिबिर ठरलं तर तारीख कळवावी. पहिलं फुंकायला मी येईन. मिऱ्यावरच्या मित्रालाही रिक्षातून घेऊन येतो. तो कधीचा म्हणतोय, माझं वय किती झालं ते एकदा मोजून दे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
रत्नागिरी